वणवा लागतो, वणवा भडकतो : एका संशोधनाच्या अनुवादातले शब्द

प्रश्न

जॉन अबात्झोग्लू आणि पार्क विल्यम्स या दोन शास्त्रज्ञांच्या २०१६ सालच्या अभ्यासाबद्दल मराठीत लिहितो आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागातली जंगलं, तिथले वणवे आणि हवामानबदल हा त्याचा विषय. त्यातली मुख्य गोष्ट मी अशी लिहिली होती : 'हवामानबदलामुळे १९८४ ते २०१५ या काळात ४२ लाख हेक्टर जंगलात वणवे लागले.' एकाला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, 'हवामानबदल काडी लावतो का?' तेव्हापासून वाक्य अडलं आहे.

आणखी तीन शब्द अडले आहेत. 'वाइल्डफायर'ला वणवा म्हणावं की दावानल? 'फ्यूएल ॲरिडिटी'ला 'इंधन-शुष्कता' केलं आहे, पण ते जिभेवर बसत नाही. आणि 'व्हेपर प्रेशर डेफिसिट'चं काय करावं?

प्रतिसाद १

वणवा. दुसरा विचारच करू नका.

दावानल चुकीचा नाही. 'दाव' म्हणजे वन आणि 'अनल' म्हणजे अग्नी. संस्कृतात 'दव' आणि 'दाव' या दोन्ही शब्दांना वन आणि वनातली आग असे दोन्ही अर्थ आहेत. 'वनदव'पासून प्राकृतातून घासत घासत आपला 'वणवा' झाला, म्हणजे दोन्ही शब्द एकाच घराण्यातले. पण आज दावानल हा लेखी आणि बहुधा लाक्षणिक शब्द झाला आहे, द्वेषाचा दावानल वगैरे. वणव्याला अजून धूर आणि धग आहे.

'वडवानल' मात्र कृपा करून लिहू नका. तो समुद्राच्या पोटातला अग्नी. वडवा म्हणजे घोडी, आणि घोडीच्या मुखातून तो निघतो ही पुराणातली कल्पना. जंगलाच्या आगीला वडवानल म्हटलेलं मी छापील मजकुरातही पाहिलं आहे.

एक सावधगिरी हवी. मराठीत वणवा गवताळ डोंगरालाही लागतो, झाडं असावी लागतात असं नाही. तुमच्या अभ्यासातला आकडा फक्त जंगलाचा असेल, तर प्रत्येक ठिकाणी 'जंगलातला वणवा' किंवा 'जळालेलं वनक्षेत्र' असं स्पष्ट लिहा.

प्रतिसाद २

तुमच्या वाक्याचा दोष नामात नाही, क्रियापदात आहे. वणव्यासाठी मराठीत किती क्रियापदं आहेत ते पाहा : लागतो, लावतात, पेटतो, पसरतो, भडकतो, धुमसतो, विझतो. यातलं 'लागणे' हे ठिणगीबद्दल आहे आणि 'पसरणे', 'भडकणे' हे ठिणगी पडल्यानंतरचं. तुमचा अभ्यास या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. ठिणगी विजेची असो, फेकलेल्या विडीची असो की तुटलेल्या वीजतारेची, ती पडल्यावर जंगल किती आणि का जळत गेलं हा त्याचा प्रश्न.

हा फरक आकड्यांतही दिसतो. १९९२ ते २०१२ या काळातल्या अमेरिकेतल्या सरकारी नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१७ साली आला. त्यात माणसामुळे लागलेले वणवे ८४ टक्के होते, पण एकूण जळालेल्या क्षेत्रात त्यांचा वाटा ४४ टक्के. उरलेलं निम्म्याहून जास्त क्षेत्र विजेमुळे लागलेल्या थोड्या वणव्यांनी जाळलं. म्हणजे 'किती लागले' आणि 'किती पसरले' हे दोन वेगळे हिशेब आहेत. 'वणवे वाढले' असं मोघम लिहिलं की दोन्ही एकात मिसळतात, आणि मग वाद सुरू होतो : एक म्हणतो माणसानं आग लावली, दुसरा म्हणतो हवामानानं. दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या क्रियापदांबद्दल. हा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की 'लागणे' आणि 'भडकणे' यांची अदलाबदल दिसली की आता राहवत नाही.

दुसरी गोष्ट. तुमचा ४२ लाख हेक्टरांचा आकडा मोजलेला नाही, तुलनेतून काढलेला आहे. प्रत्यक्षात जंगल किती कोरडं झालं ते त्यांनी पाहिलं, हवामानाच्या प्रतिमानांवरून (संगणकावरच्या नमुन्यांवरून) माणसामुळे आलेला भाग त्यातून वजा केला, आणि उरलेल्या कोरडेपणावर किती जळालं असतं याचा हिशेब मांडला. 'तसं झालं नसतं, तर असं झालं असतं.' यासाठी आपल्याकडे संकेतार्थ आहे, अगदी घडवून ठेवल्यासारखा. तो सोडून 'मुळे' का वापरायचं? 'मुळे' फार जाड हत्यार आहे.

प्रतिसाद ३

'इंधन' म्हटलं की पेट्रोल डोळ्यांपुढे येतं. 'जळण' म्हणा. जे जळतं ते जळण. पालापाचोळा, वाळकं गवत, काटक्या, पडलेली खोडं, सगळं त्यात येतं. 'जळणाचा कोरडेपणा' हे कुणालाही समजेल.

वणव्याचे अभ्यासक जळणाची प्रतवारी त्याच्या सुकण्याच्या वेगावरून करतात आणि तासांत सांगतात : १ तासाचं, १० तासांचं, १०० तासांचं, १००० तासांचं. गवत आणि काडीएवढ्या बारीक काटक्या पहिल्या वर्गात, कारण भोवतालची हवा बदलली की त्यांचा ओलावा तासाभरात बदलतो. साधारण ८ ते २० सेंटिमीटर जाडीचे ओंडके १००० तासांचे, म्हणजे चाळीसेक दिवसांचे. जळण कोरडं होतं म्हणजे काय, ते इथं नेमकं कळतं. दुपारच्या उन्हानं गवत वाळतं, ओंडका वाळायला कोरडे आठवडे लागतात.

'वाळणे', 'सुकणे', 'वठणे' हेही मिसळू नका. तुटून पडलेली फांदी वाळते, उभं जिवंत झाड पाण्यावाचून सुकतं, आणि जीव गेलेलं उभं झाड वठलेलं असतं. वणव्यात तिन्ही वेगवेगळ्या पद्धतीनं पेटतात.

प्रतिसाद ४

'व्हेपर प्रेशर डेफिसिट'ला 'बाष्पदाब-तूट' म्हणता येईल, पण पहिल्यांदा वापराल तेव्हा शेजारी 'हवेची तहान' असं लिहा. हवा आणखी किती बाष्प शोषू शकते याचं ते माप आहे.

'आर्द्रता कमी झाली' असं लिहून वेळ मारून नेऊ नका, ते वेगळं आहे. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकेल त्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती आहे ते प्रमाण, दोन दिवस ५० टक्केच धरा. २० अंश सेल्सिअसला ही तूट सुमारे ११.७ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) असते, ३० अंशांना सुमारे २१.२. आर्द्रतेचा आकडा तोच, तहान जवळजवळ दुप्पट, कारण हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता दर अंशाला साधारण ७ टक्क्यांनी वाढते. ही तहान पानांतून, मातीतून, जळणातून भागवली जाते. तापमानवाढ आणि वणवा यांना जोडणारा दुवा हाच आहे, आणि हा एक शब्द नीट उतरला तर तुमचा अर्धा लेख उतरला.

प्रतिसाद ५

विषय निघालाच आहे तर : वणव्याच्या बातम्यांत 'आग ६० टक्के आटोक्यात' असं येतं. मूळ अर्थ तो नाही. वणव्याच्या कडेच्या एकूण लांबीपैकी ६० टक्के लांबीवर तो ओलांडणार नाही अशी रेषा पक्की झाली, एवढाच अर्थ. आत आग धडधडत असू शकते. मी '६० टक्के वेढा पूर्ण' असं लिहिते. जळण काढून मोकळी केलेली रेषा ती 'जाळरेषा', हा वनखात्यातला चालू शब्द आहे.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. 'जळण' आणि 'हवेची तहान' दोन्ही घेतले. नवा मजकूर असा :

'१९७९ ते २०१५ या काळात पश्चिम अमेरिकेतल्या जंगलांमधल्या जळणाचा कोरडेपणा वाढला, आणि त्या वाढीतला सुमारे ५५ टक्के वाटा माणसानं घडवलेल्या हवामानबदलाचा होता. हा बदल झाला नसता, तर १९८४ ते २०१५ दरम्यान जळालेल्या जंगलापैकी ते ४२ लाख हेक्टर वाचलं असतं.'

प्रतिसाद २ लिहिणारा

फार चांगलं झालं आहे. एकच शब्द खटकतो : 'ते'. 'ते ४२ लाख हेक्टर' म्हटलं की नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल असं वाटतं. तसं दाखवता येत नाही, कारण हा दोन बेरजांमधला फरक आहे. '४२ लाख हेक्टर जंगल कमी जळालं असतं' असं करा. आणि पुढच्याच वाक्यात हेही घ्या की याचा अर्थ जळालेलं क्षेत्र जवळजवळ दुप्पट झालं, नाहीतर ४२ लाख म्हणजे थोडं की फार हे वाचणाऱ्याला कळणार नाही.