पुरात बुडालेली वडिलांची फियाट पुन्हा उभी करताना उमेद कशी टिकवावी?

कृष्णाकाठ (सांगली)

वडिलांनी नंबर लावून, बरीच वर्षे वाट पाहून १९७१ साली घेतलेली आमची फियाट ११०० डिलाइट ऑगस्ट २०१९ च्या पुरात गावभागातील आमच्या बोळात छपरापर्यंत बुडाली. कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. गाडी विश्रामबागेकडे नेऊन लावावी असे सुचेपर्यंत बोळात कमरेइतके पाणी झाले होते. पाणी ओसरल्यावर वडिलांनी स्वतः दरवाजा उघडला, तेव्हा सीटवर बोटभर जाडीचा गाळ बसलेला होता. त्यांनी काही न बोलता खिशातला रुमाल काढला आणि आधी स्टीअरिंगचे चाक पुसले. पुढच्या वर्षी ते गेले.

२०२१ मध्ये मी गाडी दुरुस्तीला काढली. पहिल्या गॅरेजवाल्याने आगाऊ रक्कम घेऊन दोन आठवड्यांत सगळी गाडी खोलली आणि नंतर चौदा महिने तिला हात लावला नाही. मी गाडी तिथून हलवली, तेव्हा नट-बोल्ट, काचांच्या पट्ट्या, दरवाज्यांची कुलपे हे सारे एकाच गोणीत भरलेले मिळाले. आता सांगाडा कुपवाडला एका शेडमध्ये आहे. खालच्या पत्र्याचे निम्मे काम झाले आहे, इंजिन उतरवून ताडपत्रीखाली ठेवले आहे आणि बाकीचे सुटे भाग अकरा खोक्यांत आहेत. माझ्या वहीप्रमाणे आजवर चार लाख साठ हजार रुपये खर्च झाले असून निदान तेवढेच अजून लागतील असे दिसते. मुलीचा अभियांत्रिकीचा प्रवेश दीड वर्षावर आला आहे.

परंतु मी लिहितो आहे ते केवळ पैशांसाठी नाही. सुरुवातीला मी दर रविवारी शेडवर जात असे. आता तीन महिने तिकडे फिरकलेलो नाही आणि कामानिमित्त त्या बाजूला जायचे झाले तरी शेडचा रस्ता टाळून जातो. गाडी विकून टाकावी असे वाटत नाही, पण ती पुरी होईल असेही आता वाटत नाही. ज्यांनी अशी लांबलेली कामे तडीस नेली आहेत, त्यांनी मधल्या काळात स्वतःला कसे सावरले, हे मनापासून जाणून घ्यायचे आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

दादा, आपली हकिगत वाचताना माझीच आठवण झाली. मी आधी आमच्या साताऱ्यातच, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली मामांची प्रिया स्कूटर पूर्ववत केली आणि त्या धाडसावर १९८४ ची पद्मिनी, म्हणजे आपल्याच फियाटचे पुढचे रूप, हाती घेतली. स्कूटरला सात महिने लागले, पद्मिनीला सहा वर्षे. आणि त्या सहांपैकी दोन वर्षे मीसुद्धा गाडीकडे पाठ फिरवून बसलो होतो.

त्या दोन वर्षांत माझे काय बिघडले होते याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पैसे अपुरे होते हे खरे, पण पैसे तर स्कूटरच्या वेळीही अपुरेच होते. फरक असा होता की स्कूटर कधीही स्कूटर असण्याची थांबली नाही. तिचे एक अंग खोलले की दुसरे जागेवर असे. पद्मिनी मात्र सगळीच्या सगळी खोलली गेली आणि त्या दिवसापासून माझ्याकडे गाडी उरली नाही, खोकी उरली. माणूस गाडीसाठी घाम गाळतो, खोक्यांसाठी किती दिवस गाळणार? आपण शेडचा रस्ता टाळता, तो गाडीचा कंटाळा आला म्हणून नव्हे. तिथे गेल्यावर वडिलांची गाडी दिसत नाही म्हणून, असे मला वाटते.

म्हणून माझा सल्ला असा की पुढचा खर्च, मग तो कितीही लहान असो, अशा भागावर करावा जो पुरा झाल्यावर पुन्हा खोलावा लागणार नाही आणि जो डोळ्यांना किंवा कानांना जाणवेल. मी इंजिन निवडले. लोखंडी अँगलचे स्टँड करून घेतले, रेडिएटर तात्पुरता समोर बांधला, पेट्रोल बाटलीतून दिले आणि बॅटरी शेजारी ठेवली. चौथ्या प्रयत्नाला ते इंजिन धरले तेव्हा आमची आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आली का गाडी?" अंगणात चाक नव्हते, दरवाजा नव्हता, पण आवाज ओळखीचा होता. त्यानंतरची चार वर्षे मी त्या एका संध्याकाळच्या बळावर काढली.

सुट्या भागांची फार चिंता करू नका. यंत्राचा बराचसा भाग पुढे पद्मिनीत तसाच राहिला, ती गाडी २००० सालाच्या सुमारापर्यंत बनत होती आणि मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी तर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्यामुळे इंजिनाचे आणि ब्रेकचे सामान कुर्ल्याच्या बाजारात आणि पुण्यात नाना पेठेत अजून हाती लागते. डिलाइटच्या खास पट्ट्या, जाळी आणि मागचे दिवे मात्र दिसतील तेव्हा घेऊन ठेवावेत.

जुना टर्नर (कोल्हापूर)

मी उद्यमनगरात अडतीस वर्षे मशिनवर काढली आहेत, त्यातील बरीच वर्षे क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ग्राइंडिंग आणि बोअरच्या (पिस्टन ज्यात चालतो त्या नळकांड्याच्या) कामात. साताऱ्याच्या पाहुण्यांनी इंजिन आधी करा म्हटले ते मला पटते, पण त्यांचे इंजिन पुरात बुडालेले नव्हते, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

कृष्णाकाठकर, तुमच्या इंजिनात नुसते पाणी गेलेले नाही, गाळ गेला आहे. तो तेलाच्या बारीक वाटांत बसून सुकतो. असे इंजिन बाहेरून डिझेल घालून मोकळे केले आणि सुरू केले, तर तोच गाळ बेअरिंगमध्ये जातो आणि चांगला क्रँक अर्ध्या तासात खराब होतो. तेव्हा पुलीच्या नटाला पाना लावून जोर करू नका. आधी संप (इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे) उतरवा, हेड (वरचे झाकण) काढा आणि आत काय आहे ते डोळ्यांनी पाहा. ब्लॉक धुवून घ्या, तेलाच्या वाटांचे प्लग काढून आतून तार आणि हवा मारा, मग मापे घ्या. या १०८९ सीसीच्या इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा. आत गंजाचे खड्डे असतील तर पुढच्या ओव्हरसाइजला, म्हणजे ठरलेल्या मोठ्या मापाला, बोअर करावा लागेल. खड्डे नसतील तर होनिंगवर, म्हणजे आतून हलके घासण्यावर, भागेल. एकदा मापे कागदावर आली की खर्चाचा आकडा कळतो, आणि कळलेल्या आकड्याची भीती न कळलेल्या आकड्यापेक्षा नेहमी कमी असते.

त्याहून महत्त्वाचे विचारतो. सांगाड्यावर सध्या कोणता प्रायमर (रंगाखालचा थर) आहे? पुष्कळ डेंटर पत्र्याचे काम झाल्यावर साधा राखाडी प्रायमर मारून गाडी बाजूला लावतात आणि मालकाला वाटते की आता गंजाची काळजी मिटली. तसे होत नाही. तो प्रायमर दमट हवा शोषून घेतो आणि वरून स्वच्छ दिसत असताना खालून पत्रा खात राहतो. तुम्ही तीन महिने गेला नाहीत, त्यात पावसाळा गेला असेल, तर आधी हे बघा. उघडा पत्रा घासून त्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर बसवला, तर काम वर्षभर थांबले तरी केलेली मेहनत वाया जाणार नाही.

आणखी एक. या गाडीला वेगळी चासी नाही, खालचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ सिल याच तिची चासी. सिल बदलताना दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्डिंगने टाचून घेतले नाहीत, तर सांगाडा मधून बसतो आणि पुढे दरवाजे लागत नाहीत. निम्मे काम झाले म्हणता, तर उरलेल्या निम्म्याआधी चारही दरवाजे एकदा जागेवर लावून फटी तपासा. तसेही दरवाजे लागलेला सांगाडा पाहिला की माणसाला बरे वाटते.

तंबोऱ्याची खुंटी (मिरज)

माझे सासर मिरजेतील तंतुवाद्य बनवणाऱ्यांचे. घरात भोपळे टांगून ठेवलेले मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. भोपळा पुरता वाळल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही, आणि तो वाळत असताना त्याच्याकडे पाहून कोणाला अपराधी वाटत नाही. तुमच्या लिहिण्यात मला खर्चापेक्षा अपराधीपण जास्त दिसले, म्हणून हे लिहिते.

आमच्या यजमानांनी त्यांच्या काकांची जुनी जीप अशीच काढली होती. ती मधे दोन वर्षे बंद पडली तेव्हा घरात तिचा विषय निघाला की ते उठून जात. शेवटी आम्ही दोघांनी बसून वहीतले दोन हिशेब वेगळे केले. झालेला खर्च एका पानावर लिहून ते पान टाचणीने बंद केले, कारण तो आकडा रोज पाहून एक रुपयाही परत येणार नव्हता. दुसऱ्या पानावर फक्त पुढचे काम, आणि त्यासाठी महिन्याला अडीच हजार, त्याहून अधिक नाही. मुलांच्या फीच्या महिन्यात तेही नाही. त्यामुळे काम हळू झाले हे खरे, पण ते "बंद पडले" असे कोणी म्हणेना. फीचा महिना आहे म्हणून थांबले, एवढेच.

तुमच्या मुलीचा प्रवेश दीड वर्षावर आहे, तर आजच घरात सर्वांसमोर ठरवावे की त्या वर्षी गाडीवर खर्च होणार नाही. कोल्हापूरच्या काकांनी सांगितलेले प्रायमरचे काम त्याआधी उरकून घ्यावे, म्हणजे ती विश्रांती निर्धास्तपणे घेता येईल. मुलीलाही एकदा शेडवर घेऊन जा. आजोबांची गाडी तिने गाळात पाहिली तेव्हा ती लहान असेल. वडील रविवारी कुठे जातात आणि परत येताना गप्प का असतात, हे तिला कळलेले बरे.

आणि गाडी तयार झाल्यावर तिने काय करायचे आहे, हेही ठरवून ठेवा. आमची जीप फक्त एवढ्यासाठी हवी होती की काकूंना त्यात बसवून नरसोबाच्या वाडीला न्यायचे. त्यामुळे रंग कारखान्यासारखाच हवा, टायर त्याच कंपनीचे हवेत, असले पुष्कळ खर्च आपोआप गळून पडले.

मेणवली घाट (वाई)

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुढचे काम अवलंबून आहे. गाडी अजून वडिलांच्या नावावर असेल, तर वारस म्हणून फॉर्म ३१ भरून ती आधी आपल्या नावावर करून घ्यावी. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते आणि आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. परंतु मग ती प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. घरच्या मंडळींना घेऊन फिरायचे असेल, तर फॉर्म २५ भरून, तपासणी करून घेऊन, नोंदणीचे पाच वर्षांचे नेहमीचे नूतनीकरण करणे योग्य. कोणताही मार्ग घेतला तरी मूळ ब्लॉक टाकून दुसरे इंजिन बसवण्याच्या फंदात पडू नये. आरसी बुकातला इंजिन क्रमांक जुळला पाहिजे.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण आधी शेडवर जाऊन यायचे ठरवले होते.

मुलीला घेऊन गेलो. काका, आपली शंका बरोबर होती. प्रायमर साधाच होता आणि डाव्या सिलच्या वरच्या कडेला तो नखाने खरवडला तेव्हा खाली तांबूस ठिपके निघाले. पत्रा अजून सडलेला नाही. तेवढा भाग घासून इपॉक्सी मारण्याचे काम डेंटरला दिले आहे, आणि दिवाळीपर्यंत चारही दरवाजे जागेवर टांगून फटी तपासायच्या असे ठरले आहे.

दुपारी आम्ही दोघांनी संप उतरवला. आत तेल नव्हतेच. तळाशी करड्या रंगाचा सुकलेला गाळ होता, भेगा पडून त्याच्या वड्या झालेल्या. मुलीने एक वडी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "बाबा, हा तर नदीचा वास आहे." मग तिने मार्कर मागून घेतला आणि अंधार पडेपर्यंत त्या गोणीतले नट-बोल्ट पिशव्यांत भरून त्यांवर नावे लिहीत बसली. निम्म्या बोल्टांची नावे मलाही सांगता आली नाहीत.

ताई, वहीचे पान टाचले आहे. प्रवेशाच्या वर्षी खर्च नाही, हे घरात सांगून झाले. गाडी तयार झाली की पौर्णिमेला आईला घेऊन औदुंबरला जायचे, वडील नेत असत तसे. त्यामुळे नेहमीचे नूतनीकरणच करीन आणि फॉर्म ३१ चे काम या महिन्यात उरकतो.

काका, एक विचारायचे राहिले. हेड काढल्यावर तिसऱ्या बोअरमध्ये पिस्टनच्या वर गंजाचे कडे दिसले, बाकीचे तीन बोअर हाताला गुळगुळीत लागतात. अशा वेळी चारही बोअर एकाच ओव्हरसाइजला न्यावे लागतात, की तिसऱ्यात स्लीव्ह (आतली नवी नळी) बसवून बाकीचे होनिंगवर ठेवता येतील? ब्लॉक पुढच्या शनिवारी कोल्हापूरला घेऊन येऊ शकतो.