माथेरानच्या गाडीला राज्याचा पैसा: तुमचं मत काय?

कृष्णाकाठ (सांगली): नेरळ–माथेरान गाडीसाठी राज्याच्या तिजोरीतून दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी, असं माझं मत. 1907 ची ही दोन फुटी लाइन, म्हणजे दोन रुळांत दोन फुटांचं अंतर. 2005 च्या पावसात वाहून गेली, 2007 ला सुरू झाली. 2019 ला पुन्हा तेच, आणि नेरळपासून थेट वर गाडी जायला ऑक्टोबर 2022 उजाडला. दार्जिलिंग, निलगिरी, कालका–सिमला युनेस्कोच्या यादीत जाऊन बसल्या, आपली अजून दारातच. पर्यटनाचा फायदा राज्याला, मग खर्चात वाटा नको?

म्हैसाळचं_पाणी (कवठेमहांकाळ): रूळ केंद्राचे, इंजिन केंद्राचं, तिकिटाचा गल्ला केंद्राचा. तोटा तेवढा आमच्या गळ्यात? इकडं आवर्तन कधी सुटतंय म्हणून माणूस कालव्यावर चकरा मारतोय. सेल्फीसाठी गाडी पाहिजे असेल तर तिकीट वाढवा.

बेदाणा (तासगाव): दादा, म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या वीजबिलातले 81 टक्के सरकार भरतं, शेतकरी 19. ते बरं चालतं?

म्हैसाळचं_पाणी: चालतं. पाण्यावर द्राक्ष पिकतं. त्या गाडीवर काय पिकतं?

मिरज_जंक्शन: मिरजेत एकेकाळी ब्रॉड, मीटर, नॅरो असे तिन्ही गेज यायचे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी आरग, बेळंकी, सलगरे करत पंढरपूरला निघायची, आणि आषाढीला डब्यात मावली नाहीत तेवढी माणसं टपावर. तिचं ब्रॉडगेज झालं तेव्हा वारसा-बिरसा म्हणून कुणी रस्त्यावर उतरलं नाही. बरंच झालं, आज तिथून एक्सप्रेस जातात. माथेरानला ती वाट नाही. 20 ला 1 चा चढ, आणि वळणं अशी की मोठं गेज बसायचंच नाही. वर मोटारीला बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी लावली की पुढं पाय, घोडा नाहीतर अमन लॉज ते माथेरान धावणारी शटल गाडी. त्या शटलला पैसा द्या, माझी हरकत नाही. नेरळहून दोन-अडीच तास डुलत जाणाऱ्या गाडीला कशाला?

बेदाणा: अमेरिकेत कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी 1970 मध्ये मोडीत निघालेली 64 मैलांची अशीच डोंगरातली लाइन घेतली. अजून वाफेची इंजिनं धावतात तिच्यावर. म्हणजे राज्याला जमतं.

म्हैसाळचं_पाणी: विकत घेतली ना? मग झालं की! मालक झाले, म्हणून खर्च केला. आपण दुसऱ्याच्या गोठ्यातल्या म्हशीला पेंड घालायची म्हणताय.

कृष्णाकाठ: तर मग भागीदारी मागू. कोकण रेल्वे महामंडळात महाराष्ट्राने 22 टक्के वाटा उचललाच होता. फेऱ्या किती, दरडीची आणि मोऱ्यांची कामं पावसाळ्याआधी होतात की नाही, यात राज्याचा शब्द चालला पाहिजे. नुसता चेक फाडायचा नाही, हे मलाही मान्य.

म्हैसाळचं_पाणी: कोकण रेल्वेनं लोक गावाला जातात, आजारी माणूस मुंबईला नेतात. तुलना कशाशी करताय? आणि एकदा भागीदार झालात की पुढच्या दरडीचं बिलही दारात येणार. 2005, 2019 तुम्हीच लिहिलंय वर.

मिरज_जंक्शन: राज्याला रेल्वेवर पैसा घालायची एवढी हौस असेल तर आधी मिरज–पंढरपूर पॅसेंजर वाढवायला द्या. निवेदन लिहायला मी तयार आहे, सह्या कोण गोळा करणार ते सांगा.