धडक मारली, धडक बसली की नुसता धडकला? – आइस हॉकीतला गोलरक्षक आणि मराठी क्रियापदं

हिमरेषा
मंडळी, मदत हवी आहे. इथे ऑन्टारियोत आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आइस हॉकीवर लेख लिहितेय. वाचक म्हणजे मुख्यतः भारतातून आलेले आजी-आजोबा. हिवाळाभर नातवंडांना रिंकवर सोडायचं-आणायचं आणि गॅलरीत कुडकुडत बसायचं, पण नियमांचा पत्ता नाही, अशी मंडळी. विषय आहे गोलरक्षकाच्या अंगावर येणारे खेळाडू आणि लीग त्यांचं काय करते.

अडलंय एका वाक्यावर. १२ नोव्हेंबर २०११, नॅशनल हॉकी लीगचा सामना, बॉस्टन ब्रुइन्स विरुद्ध बफेलो सेबर्स. बफेलोचा गोलरक्षक रायन मिलर सुटलेला पक (या खेळात चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती) मारायला आपली जागा सोडून चांगला पुढे आला. समोरून त्याच पकच्या मागे बॉस्टनचा धिप्पाड मिलान लूचिच. मिलरने पक मारला आणि पाठोपाठ दोघं... इथे मी थांबलेय.

'लूचिचने मिलरला धडक मारली.'
'मिलरला लूचिचची धडक बसली.'
'लूचिच मिलरवर धडकला.'
'दोघांची टक्कर झाली.'

पंचांनी लूचिचला दोन मिनिटं बाहेर बसवलं. मिलरच्या मेंदूला हादरा बसल्याचं नंतर निष्पन्न झालं. लीगच्या खेळाडू सुरक्षा विभागाचे तेव्हाचे प्रमुख ब्रेंडन शॅनहन यांनी सुनावणी घेतली आणि पुढची शिक्षा दिली नाही. आता सांगा, माझ्या वाक्यात लूचिच दोषी दिसायला हवा की नको?

तात्या_नगरकर
टक्कर बाद. टक्कर बरोबरीच्यांत होते. शिवाय 'मिलरने लूचिचला टक्कर दिली' असं कुणी वाचलं तर मिलर जोरात खेळला असं समजेल.

अनवट
प्रश्न छान आहे, कारण या चार वाक्यांत चार वेगळे निकाल आहेत. 'ने' लावून 'मारली' म्हटलं की कर्ता ठरला, त्याचं मनही ठरलं. 'चुकून धडक मारली' म्हणता येतं, पण ते 'चुकून' मुद्दाम घालावं लागतं. नाही घातलं तर ऐकणारा हेतू गृहीत धरतो. 'बसली'मध्ये वाक्य मार खाणाऱ्याच्या बाजूने उभं राहतं. मारणाऱ्याबद्दल ते फारसं बोलत नाही. 'टक्कर झाली' म्हणजे तर पोलीस पंचनाम्याची भाषा, कुणीच काही केलं नाही, ते आपलं झालं.

राहिलं 'धडकला'. ट्रक दुभाजकावर धडकला म्हटलं की चालक प्यायलेला होता की ब्रेक निकामी झाले, यावर क्रियापद मौन पाळतं. ज्या प्रसंगात पंच, लीग आणि प्रेक्षक यांचं एकमत नाही तिथे हे मौन कामाचं. माझं मत 'धडकला'.

वैदर्भी
+१. पण सावध राहा हो. आपल्या क्रीडापानांनी हा शब्द पार वापरून टाकलाय. 'भारताची अंतिम फेरीत धडक' वाचून वाचून लोकांना धडक म्हणजे पराक्रम वाटतो. तुम्ही मथळा दिला 'लूचिचची मिलरला धडक' तर अर्धे आजोबा 'शाब्बास' म्हणतील! 'मुसंडी'चंही तेच झालंय. मूळ चित्र रानडुकराचं, आता मात्र पिछाडीवरून संघ 'मुसंडी मारतो' आणि आपण टाळ्या वाजवतो.

हिमरेषा
अगं, मुसंडीचा मोह मला फार झाला होता. लूचिचला दोन मिनिटं मिळाली ती 'चार्जिंग'साठी. दुरून वेग घेऊन किंवा उडी मारून प्रतिस्पर्ध्याला जोराने आदळणं, असा तो गुन्हा आहे. मुसंडी तंतोतंत बसते, पण तू म्हणतेस तसं तिला आता हार-तुरे घातलेत. 'चाल करून जाणे' घेऊ का?

अनवट
घ्या. 'चाल करून गेल्याबद्दल दोन मिनिटं बाहेर.' वाचताच कळतं.

निळी_रेष
हा खेळ बरीच वर्षं बघतोय म्हणून जरा विरोध नोंदवतो. 'धडकला' मला पाठीशी घालणारं वाटतं. ती चित्रफीत पाहा. लूचिचला मिलर समोर दिसत होता, शेवटच्या क्षणी थांबण्याची धडपड मला तरी दिसली नाही. आणि नियमपुस्तिका याबाबत मुकी नाही. नियम ६९ गोलरक्षकाला होणाऱ्या आडकाठीचा आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की तो आपल्या क्रीजबाहेर, म्हणजे गोलसमोरच्या निळ्या रंगवलेल्या भागाबाहेर, आला म्हणून त्याला कुणीही आदळावं असं होत नाही. बाहेर तो पक खेळत असताना ओघात स्पर्श झाला तर चालतो, पण एका अटीवर, समोरच्याने टाळण्याचा पुरेसा प्रयत्न केलेला असला पाहिजे. म्हणजे प्रश्न 'मुद्दाम केलं का' हा नाहीच. 'टाळायचा प्रयत्न केला का' हा आहे. अनवट यांची मांडणी हेतूवर उभी आहे, आणि नियम हेतूवर उभा नाही.

तात्या_नगरकर
'कुणीही आदळावं असं होत नाही' यापेक्षा सरळ म्हणा, रेषेबाहेर आला म्हणून गोलरक्षक काही 'कुणीही यावं टपली मारून जावं' असा होत नाही.

हिमरेषा
तात्या, हे उचललं!

अनवट
निळी_रेष, मुद्दा मान्य, आणि महत्त्वाचा आहे. मग हेतू आणि अपघात यांच्या मधली जागा दाखवणारी क्रियापदं शोधू. मराठीत ती आहेत. 'आदळला' म्हटलं की स्वतःवर ताबा नव्हता असं ऐकू येतं. 'धडकला' म्हणजे ताब्याबद्दल काही सांगितलेलं नाही. 'अंगावर गेला' म्हणजे ताबा होता, थांबला नाही. आणि शेवटी 'धडक मारली'. तुमच्याकडे आणखी प्रसंग असतील तर लावून बघू.

निळी_रेष
आहेत ना. मे २०१४, पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना. न्यूयॉर्क रेंजर्सचा ख्रिस क्रायडर एकटा सुसाट गोलकडे निघाला, मागून बचावपटूने त्याला अडवायला काठी घातली, तोल गेला आणि तो पाय पुढे करून घसरत माँट्रियलच्या कॅरी प्राइसमध्ये घुसला. प्राइसचा गुडघा गेला, तो त्या मालिकेत पुन्हा खेळला नाही, माँट्रियल हरलं. लीगने क्रायडरला शिक्षा केली नाही. माँट्रियलमध्ये आजही हा विषय काढून बघा.

दुसरा प्रसंग तर पुन्हा मिलरचाच. लूचिचच्या प्रकरणानंतर तीन आठवड्यांनी, ३ डिसेंबर २०११ला, नॅशव्हिलचा जॉर्डिन टुटू गोलकडे झेपावला आणि थेट मिलरवर. यावेळी मिलर बाहेर भटकायला गेला नव्हता, आपल्या जागी होता. टुटूला शिक्षा म्हणून दोन सामने बाहेर बसावं लागलं. गोलरक्षक तोच, निवाडा करणारे शॅनहन तेच.

अनवट
मग क्रायडर आदळला, टुटू अंगावर गेला. लूचिचसाठी मी अजूनही 'धडकला'वर ठाम आहे. तुम्हाला तो 'अंगावर गेला' वाटतो, आणि लीगला तसं वाटलं नाही, एवढाच आपला वाद.

निळी_रेष
एवढाच नाही. लेखिकेने लीगचा निकाल आपल्या क्रियापदात का ओढून घ्यावा? बफेलोचं अख्खं शहर त्या निकालावर चिडलं होतं, मिलरने लूचिचला भित्रा ठरवलं होतं. बफेलोकरांच्या नशिबी हे नवीन नाही म्हणा. १९९९च्या स्टॅनली कप (लीगचा विजेतेपदाचा चषक) अंतिम मालिकेत डॅलसच्या ब्रेट हलने तिसऱ्या जादा वेळेत विजयी गोल केला तेव्हा त्याचा स्केट क्रीजमध्ये होता. त्या काळी पक आधी आत नसेल तर क्रीजमधला पाय गोल रद्द करायचा. गोल तरीही वैध धरला गेला, चषक डॅलसला. आणि मग तो नियमच काढून टाकला!

कारकून
क्रियापदाचं तुमचं चालू द्या. मी सरकारी नोकरीतला माणूस, माझा आक्षेप वेगळा. वर कुणी अजून वापरला नाही, पण लेखात 'निलंबन' येणार हे मला दिसतंय. वर्तमानपत्रं सर्रास लिहितात. आमच्याकडे निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी व्हायची असते म्हणून माणसाला घरी बसवतात, निर्वाह भत्ता देतात, आणि निर्दोष सुटला तर सन्मानाने परत घेतात. तुमच्या त्या टुटूचं असं झालं का?

निळी_रेष
छे. आधी सुनावणी, मग शिक्षा, आणि त्या काळाचा पगार कापला जातो. कापलेले पैसे खेळाडूंच्या आपत्कालीन मदत निधीत जातात.

कारकून
मग ती बंदी झाली. 'दोन सामन्यांची बंदी, बिनपगारी.'

वैदर्भी
कारकूनसाहेब, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. क्रिकेटच्या बातम्यांतही आता खटकणार.

हिमरेषा
मलाही. बंदी पक्की. आणखी एक, पंच मैदानावर देतात ती शिक्षा आणि लीग नंतर देते ती, यांना वेगळे शब्द हवेत. नाहीतर 'शिक्षा झाली पण शिक्षा झाली नाही' असलं वाक्य होतं, आणि लूचिचच्या बाबतीत तेच खरं आहे.

कारकून
दुसरीला 'पुरवणी कारवाई' म्हणा. पुरवणी मागण्या असतात तशी.

तात्या_नगरकर
कारकून, आज फॉर्मात!
अवांतर: 'गोली' लिहू नका. हॉकीवाले म्हणतात हे ठाऊक आहे, पण मराठी डोळा 'गोळी' वाचतो. 'गोलीला धडक' भलतंच दिसेल. गोलरक्षक आपला जुना आहे, ध्यानचंदांच्या हॉकीपासूनचा.

हिमरेषा
सगळ्यांचे आभार. आत्ता लेखात असं लिहिलंय:

'मिलर पक मारून वळतोय तोच लूचिच त्याच्यावर धडकला. चाल करून गेल्याबद्दल पंचांनी लूचिचला दोन मिनिटं बाहेर बसवलं. तो थांबू शकला असता, असं बफेलोचं म्हणणं. लीगने त्याला बोलावून ऐकून घेतलं, पण पुरवणी कारवाई केली नाही. तीन आठवड्यांनी टुटू याच मिलरच्या अंगावर गेला, त्याला मात्र दोन सामन्यांची बंदी झाली.'

निळी_रेष, बफेलोचं म्हणणं घातलंय. क्रियापद अनवटचं ठेवलंय.

निळी_रेष
चालेल. माझ्या मनात तो 'अंगावर गेला'च राहील, पण लेख तुमचा आहे. 'क्रीज' मात्र एकदा समजावून सांगा. क्रिकेटमुळे वाचक पांढरी सरळ रेघ डोळ्यांसमोर आणतील. इथे गोलसमोर निळा रंगवलेला अर्धगोल असतो, सहा फूट त्रिज्येचा, दोन्ही बाजूंनी कापलेला.

हिमरेषा
हो, चित्रच काढून देते. आणि गोलच्या मागे तो चौकोन असतो त्याला काय म्हणू? २००५-०६पासून गोलरेषेच्या मागे गोलरक्षकाने पक खेळायचा तर फक्त त्याच्यातच.

वैदर्भी
समलंब चौकोन! शाळेच्या भूमितीतला. नातवंडं नाही तर आजोबा तरी नक्की ओळखतील.