घरातली माणसे कमी झाल्यावर रविवारचे बेकिंग कसे चालू ठेवावे?

खामल्याचा_पाववाला यांचा प्रश्न:

नमस्कार. मी नागपुरात खामला भागात राहतो आणि एका बँकेत नोकरी करतो. रविवारी घरी पाव आणि केक करणे हा माझा बऱ्याच वर्षांचा, आणि खरे सांगायचे तर एकमेव, छंद आहे. मात्र गेल्या वर्षभरात घराची घडी पार बदलली. मुलगी अभियांत्रिकीसाठी पुण्याला गेली, दिवाळीनंतर पत्नीची बदली अमरावतीला झाली आणि आता आठवडाभर घरात आई आणि मी असे दोघेच असतो. पत्नी शनिवारी संध्याकाळी येते आणि सोमवारी पहाटे परत जाते. आईला मधुमेह असल्यामुळे तिच्यासमोर केक ठेवणेही मला प्रशस्त वाटत नाही.

अडचणी अशा आहेत. माझी सगळी प्रमाणे ५०० ग्रॅम मैद्याची आणि सात इंची साच्याची असल्याने निम्मा माल उरतो. पत्नी घरी असते तो एकच दिवस मी ओव्हनसमोर उभा राहून घालवावा, हे तिला आवडत नाही आणि मलाही पटत नाही. इतर दिवशी घरी यायला साडेसात होतात. त्यातच एप्रिल संपत आला आहे. पीठ मळून ठेवले की तासाभरात फुगून उतू जाते आणि त्याला आंबूस वास येतो. नातेवाईक म्हणतात की एवढे उरते तर विकायला काय हरकत आहे. छंद सोडायचा नाही, पण त्यासाठी घराला वेठीस धरायचेही नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्ग सुचवावा.

पीठ_मीठ_पाणी यांचे उत्तर:

आधी उन्हाळ्याविषयी लिहितो, कारण तो प्रश्न सुटला की वेळेचा प्रश्नही बराचसा सुटेल. यीस्टचे काम तापमानावर चालते. साधारण दहा अंश वाढले की फुगण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, आणि बहुतेक पाककृती ज्या हवामानात लिहिल्या जातात तिथे स्वयंपाकघर २४-२५ अंशांचे असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलर लावूनही ओटा गरमच राहतो. अशा वेळी पाककृतीतले "दीड तास झाकून ठेवा" हे वाक्य आपल्यासाठी नाही, असे समजावे.

बेकरीवाले एक ढोबळ हिशोब करतात. मळलेले पीठ २६ अंशांचे हवे असेल तर २६ ला तीनने गुणायचे, म्हणजे ७८ होतात. त्यातून खोलीचे तापमान, पिठाचे तापमान आणि मळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेचे दोन-तीन अंश वजा करायचे. उरेल तितक्या अंशांचे पाणी घ्यायचे. खोली ३६ अंश, डब्यातला मैदा ३५ अंश आणि हाताने मळण्याचे दोन अंश धरले तर उरतात ५. म्हणजे पाणी फ्रिजमधलेच हवे, माठातल्या पाण्याने भागणार नाही. मैद्याचा डबासुद्धा आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवला तर काम आणखी सोपे होते.

आता वेळेचे बघू. २५० ग्रॅम मैदा, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, ५ ग्रॅम मीठ आणि सुमारे १५५ मिली थंडगार पाणी एवढेच घेऊन शुक्रवारी रात्री जेवणानंतर पीठ मळावे, अर्धा तास बाहेर ठेवावे आणि तेलाचा हात लावलेल्या झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवून द्यावे. डबा दाराच्या कप्प्यात ठेवू नये, कारण उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्यांसाठी दार सतत उघडत असते. तो आत मागच्या बाजूला असावा. शनिवारी रात्री दहा मिनिटे काढून लोफ वळावा, साच्यात घालावा आणि झाकून पुन्हा फ्रिजमध्ये सरकवावा. रविवारी पहाटे साडेपाचला साचा बाहेर काढला की मे महिन्यात तासा-सव्वा तासात तो पुरेसा फुगतो. १९० ते २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटे भाजला की साडेसातच्या चहाला पाव तयार होतो आणि ऊन चढायच्या आत ओव्हन बंद झालेला असतो. एवढा वेळ थंडीत राहिल्याने चवही सुधारते. विदर्भातला कोरडा उन्हाळा पिठाचा वरचा थर अर्ध्या तासात चामड्यासारखा करतो, म्हणून बाहेर ठेवलेल्या साच्यावर ओले, पिळून घेतलेले फडके हवेच, आणि कूलरचा झोत तर त्यावर मुळीच नको.

केकला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. दही आणि सोडा एकत्र आले की वायू तिथेच निघू लागतो, त्यामुळे मिश्रण रात्रभर ठेवता येत नाही. फार तर कोरडे जिन्नस मोजून, चाळून बरणीत भरून ठेवावेत. लोण्याचे केक मे-जूनमध्ये बाजूला ठेवावेत, कारण लोणी आणि साखर नीट फेटण्यासाठी लोणी १८ ते २० अंशांच्या आसपास लागते आणि आपल्याकडे ते ओट्यावर ठेवल्याबरोबर पातळ होते. या दिवसांत तेलाचे केक करावेत.

नंदनवनची_आजी यांचे उत्तर:

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण पुरुषमाणूस मनापासून पीठ मळतो आहे, हे आमच्या पिढीत फक्त रोडग्यांच्या पंगतीला दिसत असे. शेतात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजण्याचे काम गडी माणसांकडेच असायचे. वरचा कोळसा झालेला पापुद्रा हाताने झाडून, रोडगा फोडून त्यात तूप सोडेपर्यंत बायकांना कोणी हात लावू देत नसे. भट्टीचे वेड विदर्भाला नवीन नाही, एवढेच म्हणायचे आहे.

प्रमाणाचे उत्तर सोपे आहे. सात इंची गोल साच्याऐवजी पाच इंची घ्या आणि सगळे जिन्नस बरोबर निम्मे करा. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरते. सात सत्ते एकोणपन्नास आणि पाच पाचा पंचवीस, म्हणजे हिशोब जुळतो. मिश्रणाची उंची तीच राहत असल्याने भाजण्याचा वेळ मात्र निम्मा होत नाही, फक्त थोडा कमी होतो; नेहमीपेक्षा आठ-दहा मिनिटे आधी सुरी टोचून बघायला सुरुवात करा. एका अंड्याची पाककृती निम्मी करताना अंडे फोडून नीट फेटावे, वजन करावे आणि त्यातले अर्धे घ्यावे. उरलेले आमलेटात जाते. चमच्या-वाटीच्या मापाने ही निमनिम होत नाही, त्याला वजनकाटाच लागतो.

उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवत असाल तर ते आधी बंद करा. फ्रिजच्या गारव्यात पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि भुसभुशीत होतो. पूर्ण गार झाल्यावर काप करून, पिशवीत भरून बर्फाच्या कप्प्यात टाका. रोज सकाळी हवे तेवढे दोन काप काढून थेट तव्यावर टाकले की ताज्यासारखे लागतात. पावसाळ्यात तर हाच एक उपाय आहे, कारण तेव्हा ओट्यावरच्या पावाला बघता बघता बुरशी येते.

जवसाची_चटणी यांचे उत्तर:

मी आहारशास्त्र शिकवते, म्हणून फक्त आपल्या आईंबद्दल लिहिते. बहुतेक घरांत अशा वेळी मैद्याच्या जागी कणीक आणि साखरेच्या जागी गूळ घालून "मधुमेहींचा केक" केला जातो, आणि तो पथ्याचा समजून दुप्पट खाल्ला जातो. गुळाचा मोठा भाग साखरच असते. रक्तातली साखर त्यानेही वाढते. कणकेत कोंडा असतो हे खरे, पण बारीक दळलेल्या कणकेचा केक म्हणजे औषध नव्हे. आपल्या नेहमीच्या केकचा बोटभर तुकडा जेवणाच्या शेवटी आणि त्या जेवणातली अर्धी पोळी कमी करून द्यायचा की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. केक त्यांच्यापासून लपवून खाण्यापेक्षा ते बरे.

आपली भट्टी त्यांच्याही उपयोगी पडावी असे वाटत असेल तर गोडाचा नाद सोडून खाऱ्या पदार्थांकडे वळावे. ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, भरडलेले जवस, तीळ, ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट गोळा मळावा, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये पापडाइतका पातळ लाटावा, सुरीने चौकोन आखावेत आणि १६० अंशांवर कडा तांबूस होईपर्यंत भाजावे. ज्वारीत ग्लुटेन (पिठाला चिकटपणा आणि ताण देणारे प्रथिन) नसल्याने गोळ्याच्या कडा फाटतात, त्याची चिंता करू नये. मळताना पाणी गरम घेतले तर चिरा कमी पडतात. यातही कर्बोदके आहेतच, म्हणून चार-पाच चौकोनांवर थांबावे. पण चार वाजताच्या चहासोबतच्या बिस्किटांपेक्षा हे निश्चित चांगले. जवस तर आपल्या विदर्भातलेच पीक आहे आणि इतवारीत सहज मिळते.

सदरचा_अठ्ठावीस_लिटर यांचे उत्तर:

विकण्याविषयी वेगळे मत मांडतो. मी स्वतः घरून केक विकतो आणि त्यात मला समाधान आहे, तरीही आपल्याला विकू नका असेच सांगेन. आपण उरलेला माल विकायचे म्हणत आहात, पण गिऱ्हाईक उरलेले घेत नाही; त्याला शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, सांगितलेल्या रंगाचा, नाव लिहिलेला केक हवा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या पत्नी अमरावतीहून येतात. शिवाय घरगुती विक्रीलाही अन्नसुरक्षा कायद्याखाली एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती ऑनलाइन करता येते, त्यात अवघड काही नाही, पण नोंदणीनंतर स्वच्छतेची आणि लेबलची जबाबदारी आपली होते. निम्मे प्रमाण केल्यावर विकण्यासारखे काही उरणारही नाही.

विजेचाही विचार करावा. माझा ओटीजी (विजेचा छोटा घरगुती ओव्हन) १६०० वॅटचा आहे. तो तासभर सलग तापला तर १.६ युनिट जातील, पण तापमान गाठल्यावर कॉइल बंद-चालू होत राहत असल्याने प्रत्यक्षात कमी जातात. तरी महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, आणि उन्हाळ्यात कूलर-एसीमुळे आपण आधीच वरच्या टप्प्यात असतो. म्हणून एकदा तापवलेला ओव्हन रिकामा होऊ देऊ नये. पाव निघाला की त्याच उष्णतेत जवसाचे चौकोन आत जावेत. आणि हो, ओटीजीची पिन जाड असते. ती मोठ्या सॉकेटलाच लावावी, स्वस्त एक्स्टेंशन बोर्डाला नव्हे.

संत्र्याची_साल यांचे उत्तर:

थोडे अवांतर, पण संत्र्याचा केक करणार असाल तर आदल्या रात्रीच्या तयारीशी संबंधित आहे. आपल्या नागपुरी संत्र्याचा रस काढून रात्रभर ठेवला किंवा तापवला तर कडवट होतो. त्यातला लिमोनिन हा घटक रस काढल्यानंतर हळूहळू कडूपणा धरतो. ताजा रस प्यायला गोड लागतो म्हणून फसगत होते. त्यामुळे बाकीची तयारी रात्री करा, पण संत्रे मिश्रण फेटायच्या वेळीच पिळा, बिया चिरडू देऊ नका आणि स्वादासाठी रसापेक्षा सालीवर भर द्या. साल सैल असल्याने फळ सोलल्यावर ती नीट किसता येत नाही. आधी किसून घ्यावी, मग सोलावे, आणि पांढरा भाग किसणीत येऊ देऊ नये. आता मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलांची) फळे संपत आली आहेत. अंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची फळे) दिवाळीच्या सुमारास बाजारात येईल, तेव्हा पाच इंची तेलाच्या केकमध्ये एका संत्र्याची साल पुरते.

खामल्याचा_पाववाला:

सर्वांचे मनापासून आभार. शुक्रवार-शनिवार-रविवार ही पाळी पत्नीला वाचून दाखवली आणि तिला ती मान्य आहे, मात्र साडेपाचचा गजर फक्त माझ्याच उशीखाली वाजावा, अशी अट आहे. विक्रीचा विषय मी संपवला. आईने जवसाच्या चौकोनांत ओव्याऐवजी हिरवी मिरची घालण्याचा हुकूम दिला आहे. केकबद्दल तिच्या डॉक्टरांना पुढच्या तपासणीच्या वेळी विचारीन.

एक शंका राहिली. मुलीला पुण्याला काही पाठवायचे असेल तर या उन्हात काय टिकेल? रात्रीच्या ट्रॅव्हल्सने ओळखीच्या माणसाबरोबर डबा जातो, पण तो तिच्या वसतिगृहात पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडून दुपार होते.

नंदनवनची_आजी:

क्रीम, ताजे फळ किंवा ओलसर केक यांचे नावही काढू नका. नानकटाई पाठवा. पूर्वी सुट्ट्या लागल्या की आम्ही घरचा रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर पिशवीत घालून बेकरीत जायचो आणि समोर बसून पत्र्याचा डबाभर भाजून आणायचो. तो डबा जूनपर्यंत पुरत असे. तुमच्या ओटीजीत १५० ते १६० अंशांवर वीस-बावीस मिनिटे लागतील. वरून पांढरीच दिसते म्हणून जास्त भाजू नका, तळ बदामी झाला की काढा. गरम असताना ती मऊच असते, गार झाल्यावर खुटखुटीत होते. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद केला तर वाफेने सगळी नरम पडेल. तूप उन्हाने थोडे सुटेल, म्हणून थरांमध्ये बटर पेपर घाला आणि डबा काठोकाठ भरा, म्हणजे गाडीच्या हादऱ्यांनी आतल्या आत चुरा होणार नाही. मुलीच्या खोलीत किती जणी आहेत ते आधी विचारून घ्या. तिथे तुमचे जुने ५०० ग्रॅमचे प्रमाणच लागेल असे दिसते.