नवीन म्हणून मागवलं, वापरलेलं आलं: तुमचा अनुभव लिहा

ऑनलाइन मागवलेली वस्तू मोडकी निघाली तर काय करायचं हे आता सगळ्यांना माहीत झालंय. मळकी निघाली की मात्र माणूस घुटमळतो. चालू तर आहे, मग कशाला परत करा, घासून घेऊ, असं घरातलंच कोणीतरी म्हणतं. आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या. मिक्सर मागवला होता. मोठ्या भांड्यात पात्याखाली, रबराच्या कडेला पिवळं वाटण वाळून बसलेलं. नाकाशी नेलं तर लसणीचा वास. "सोड्याने निघेल गो," म्हणत त्या भांडं घेऊन मोरीकडे निघाल्यासुद्धा! धुतलं असतं तर पुरावाच वाहून गेला असता. आधी फोटो काढले, मग परतीची विनंती टाकली. माणूस आला, घेऊन गेला, पैसे खात्यात जमा झाले.

पण मी रत्नागिरी शहरात राहते. खाडीपलीकडच्या गावात, सड्यावर चढल्याशिवाय रेंज न मिळणाऱ्या वाडीत हेच कसं होतं? म्हणून हा धागा. काय आलं, वापरलेलं आहे हे कशावरून ओळखलंत, परत कसं गेलं किंवा का गेलं नाही, ते लिहा. दुकानांची नावं नकोत. नाव आलं की धागा भलतीकडे जातो.

दापोलीकर

ट्रेकिंगचे बूट. वरून चकचकीत, आत कागदाचे बोळेसुद्धा नीट भरलेले. तळवा उलटा केला तर खाचांमध्ये माती. पुसलेली होती, पण खाचेच्या तळाशी राहिलीच. टाचेकडची रबराची टोकं थोडी गोल झालेली.

परतीची विनंती टाकली, ती नामंजूर. कारण काय, तर "वस्तू ग्राहकाने वापरली आहे". म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. चॅटवरच्या बाईंना तीन-चार प्रकारे समजावलं, त्या तेच वाक्य पुन्हा चिकटवत होत्या. मग मुलाने डोकं चालवलं. बूट अंगणात नेला, खाचेतली माती सुईने टोकरून पांढऱ्या कागदावर काढली आणि शेजारी आमच्या अंगणातली चिमूटभर ठेवली. आमची जांभ्याची, लालभडक. बुटातली काळी कुळकुळीत, देशावरच्या शेतातली. फोटोखाली लिहिलं, "आमच्याकडे अशी माती नाही. कृषी विद्यापीठाच्या गावात राहतो, हवं तर तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी परतीची विनंती मंजूर. मातीमुळे की वरच्या कोणीतरी फोटो उघडून पाहिला म्हणून, देव जाणे. पण तेव्हापासून आमच्या घरात कुठलाही बूट आला की आधी तळवा बघतात, मग माप.

कुडाळचो झील

ट्रिमर मागवलंय. बॉक्स उघडलंय तर पात्यात केस. ते पण पिकलेले. माझे अजून काळे आसत! बायको म्हणता, धुवून वापर, काय जाता? म्हटलंय, कोणाच्या गालावरसून फिरलेला मशीन माका माझ्या गालाक लावूचा नाय.

अ‍ॅपवर परत करूचा बटणच नाय. चॅटवर इचारलंय तर सांगतत, "हायजीनमुळे ही वस्तू परत घेतली जात नाही." अरे मेल्यांनो, हायजीनमुळेच तर परत देतंय!

राजापूरचा चाकरमानी

मी डोंबिवलीला, आई गावी एकटी. तिला लागणारं सगळं माझ्या खात्यावरून मागवतो, पत्ता गावचा. तिच्यासाठी इलेक्ट्रिक शेगडी मागवली. आईचा फोन, "बाबू, काचेवर दूध उतू गेल्याचा डाग आहे रे, नवीनला कसा असेल?" डाग मला दाखवायला तिच्याकडे स्मार्टफोन नाही. शेजारच्या मुलीने फोटो काढले, ती रेंजसाठी देवळापर्यंत गेली, तिथून मला पाठवले.

खरी गंमत पिकअपच्या दिवशी. शेगडी न्यायला माणूस दारात उभा आणि ओटीपी माझ्या फोनवर. मी त्या वेळी ठाण्याच्या पुढे गाडीत, दोन्ही हात वरच्या कडीला. फोन खिशात वाजतोय, कळतंय, काढता येत नाही. माणूस थांबून थांबून गेला. नोंद काय पडली, "ग्राहक उपलब्ध नाही". आई त्याला पाणी देऊन, खुर्ची देऊन, पडवीत बसवून होती!

पुढच्या वेळी तारीख ठरवून घेतली, मीटिंगमध्ये फोन टेबलावर ठेवला, आकडे आईला लँडलाइनवर सांगितले. गेली शेगडी. गावच्या पत्त्यावर मागवणाऱ्यांनी एवढं करा, पिकअपच्या दिवशी फोन हातात राहील असं बघा. आणि डिलिव्हरीवाल्याचा नंबर आईकडेही असू द्या.

चिपळूणचा डिलिव्हरीवाला

दुसरी बाजू सांगतो. आम्ही पार्सल आणतो तेव्हा ते बंद असतं. आत साप आहे की शेगडी, आम्हाला काय माहीत. लोक उघडून आमच्यावरच ओरडतात. 'ओपन बॉक्स' डिलिव्हरी असेल तर तुमच्यासमोर खोलून दाखवतो, आणि तुम्ही ओटीपी दिलात म्हणजे माल पसंत. तिथे लोक घाई करतात. आधी ओटीपी सांगतात, मग बघायला लागतात. उलटं करा. आम्हाला दिवसभरात किती घरं करायची असतात ते आमचं आम्ही बघू, तुम्ही नीट बघून घ्या.

परत न्यायला येतो तेव्हा आमच्या फोनवर यादी येते. रंग तोच आहे का, टॅग आहे का, सोबतच्या वस्तू आहेत का, नंबर जुळतो का. एक गोष्ट जुळली नाही की अ‍ॅप पुढेच जात नाही, माझ्या हातात काही नसतं. त्यामुळे चिडून टॅग फाडू नका, खोका जाळू नका. आमच्या इथे पावसाळ्यात बंब पेटवायला पहिला खोका जातो, मग पिकअपच्या दिवशी शोधाशोध.

वापरलेला माल नवीन म्हणून कसा येतो? एकाने परत केलेलं गोदामात जातं. तिथे कोणीतरी बघून ठरवायचं असतं की हे पुन्हा विकायचं की बाजूला काढायचं. ते बघणं झालं नाही, किंवा वरवर झालं, की ते पुन्हा चढतं. ओळखायची खूण: टेपवर टेप. एक टेप कापलेली, तिच्यावर दुसरी. किंवा पत्त्याच्या स्टिकरखाली जुन्या स्टिकरचा अर्धवट फाटलेला कागद. असं दिसलं की खोका खोलण्याआधीच फोटो काढा.

मालवणातून

माघी गणपतीसाठी कापडी मखर. फोटोत सुरेख, झालरी वगैरे. उघडलं आणि घरात कापराचा वास पसरला. घडीत गुलाल. एका झालरीच्या शिवणीत वाळलेली दुर्वा अडकलेली, मागच्या पट्टीवर तेलाचा अंगठा उमटलेला, बहुतेक समई लावून झाल्यावरचा. भाद्रपदात कोणीतरी आपला गणपती बसवला, विसर्जन केलं, आणि मखर "आवडलं नाही" म्हणून परत!

माझा राग दुकानावर नाही, त्या भक्तावर आहे. लग्नात शालू नेसून, आतून टॅग टाचून ठेवून परत करणारे लोक माझ्या नात्यातही आहेत आणि ते हुशारी म्हणून सांगतात. तो शालू पुढे जातो कोणाकडे? आम्ही मखर परत केलं. त्या वर्षी आमच्याकडे बाप्पा आंब्याच्या टाळांत आणि झेंडूत बसले, आणि खरं सांगायचं तर जास्त छान दिसले.

सावंतवाडीहून

आम्ही लाकडी खेळणी आणि रंगीत लाकडी फळं ऑनलाइन विकतो, छोटा धंदा आहे. परत आलेल्या मालाची आमची गोष्ट ऐका. लाकडी आंब्याला दातांचे ठसे. भातुकलीच्या कढईचा तळ जळून काळा, म्हणजे खरंच गॅसवर ठेवली होती! ठेवणारा मूल नव्हे. परतीचं कारण "रंग वेगळा".

असा माल आम्ही बाजूला काढतो आणि तोटा सोसतो. प्लॅटफॉर्मला हरकत नोंदवता येते, पण मुदत थोडी, पुरावा मागतात, आणि आम्ही दोघं माणसं पॅकिंग करायचं की पुरावे गोळा करायचे? तो आंबा पॉलिश करून पुन्हा पाठवला तर कोणाला कळणार, हा विचार विकणाऱ्याच्या मनात येतोच. आम्ही करत नाही, कारण ते खेळणं परत कोणत्यातरी बाळाच्या तोंडात जाणार. पण करणारे का करतात ते मला कळतं. समर्थन करत नाही.

श्रीवर्धन

थोडं आपल्या चुकांबद्दलही बोलूया. जूनमध्ये मागवलेली चामड्याची पर्स, महिन्याभराने उघडली, आतून पांढरट. "जुना माल दिला" म्हणून बहीण तावातावाने तक्रार करायला निघाली. मी म्हटलं, कपाट उघड. कपाटातल्या सगळ्या चपला, बाबांचा पट्टा, आहेराची पाकिटं, सगळ्यांवर तीच बुरशी. आपल्याकडे आषाढात माणूस एका जागी बसला तर त्यालाही येईल. मुंबईत बसलेल्या कस्टमर केअरला हे माहीत नसतं, पण आपल्याला असतं. वरची भुकटी कोरड्या फडक्याने गेली तर ती बहुधा आपली हवा. शिवणीत घाम, मळ, बटणाजवळ झिजलेलं अस्तर, तर ते दुसऱ्याचं. पावसाळ्यात मागवलंत तर आल्या दिवशी उघडा. पार्सल माळ्यावर टाकून गणपतीला उघडलं तर भांडायला तोंड राहत नाही आणि परतीची मुदतही गेलेली असते.

गुहागरची सून

आमच्याकडे पार्सल येतं, पण परत न्यायला येत नाहीत. पिनकोड टाकला की "या ठिकाणी पिकअप उपलब्ध नाही". आणून देताना रस्ता होता ना?

प्रेशर कुकर आला होता, शिटीच्या भोकात वरणाचा कण. शिटी उचलून उजेडात धरली तर डाळीचं साल दिसत होतं. "तुम्ही स्वतः पाठवा, खर्च देऊ" असं उत्तर. कुकर हातात धरून एसटीने तालुक्याला, पोस्टात. तिथल्या काकांनी पुठ्ठा, सुतळी, सगळं स्वतः काढून दिलं, स्पीड पोस्टची पावती दिली आणि म्हणाले, "वहिनी, ह्या पावतीचा फोटो आत्ताच काढा, शाई उडते." खरंच उडते, काही महिन्यांनी कोरा कागद उरतो. कुकरचे पैसे आले. पोस्टाचा खर्च मात्र "प्रक्रियेत आहे". पाठपुरावा चालू आहे. नवरा म्हणतो सोड आता. सोडणार नाही. रक्कम छोटी आहे म्हणूनच सगळे सोडतात, आणि सोडतात म्हणून ते देत नाहीत.

ओरोसहून

ग्राहक आयोगात वकिली करते, म्हणून थोडं. मिक्सरच्या भांड्यासाठी कोणी आयोगात जाणार नाही हे मलाही माहीत आहे. पण काय लिहायचं हे माहीत असलं की चॅटवरचा सूर बदलतो.

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. त्यांत सरळ आहे: माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. 'नवीन' सांगून वापरलेलं देणं म्हणजे सांगितल्यासारखं नसणंच. कुडाळच्या दादांनी हेच लिहावं. "हायजीन" हे धोरण त्यांचं, नियमाच्या वर नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. चॅटवरच्या माणसाशी डोकेफोड करण्यापेक्षा त्या अधिकाऱ्याला ईमेल करा. तिथून हललं नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

गुहागरच्या ताईंसाठी: आता तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. तुमचा आयोग रत्नागिरीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे. ऑनलाइनही दाखल होते. उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर दावाच नाही, असं दुकानं सांगतात. नियमांत तसं कुठे नाही. असला तर उत्तमच.

रत्नागिरी (धागाकर्ती)

माती आणि सुईचा प्रयोग मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, मुलगा वकील होईल. डिलिव्हरीवाल्या दादांचं टेपचं लक्षात ठेवणार. अजून कोणी लिहा, विशेषतः गादी आणि उशीवाले. तो प्रकार ऐकायचाय आणि नकोही आहे.

कुडाळचो झील

वकील बाईंनी सांगितलेला तसा अधिकाऱ्याक ईमेल केलंय. आठवड्यात बदली ट्रिमर इलो. पात्यात केस नाय, एकदम कोरो. चार्जर पण नाय.