ओहायोच्या शालेय फुटबॉलचे प्लेऑफ : बारा संघ म्हणजेही खोगीरभरतीच!

ओहायोकर

आधी खुलासा. फुटबॉल म्हणजे इथला, अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचा. 'मग त्याला फुटबॉल का म्हणतात' ही शंका असणाऱ्यांनी वेगळा धागा काढावा.

कोलंबसच्या उत्तरेला चौदा वर्षं राहतोय. पहिली तीन वर्षं शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावरच्या दिव्यांचा उजेड खिडकीतून दिसायचा, तेवढाच संबंध. मग शेजारच्या आजोबांनी एकदा ओढून नेलं. आता पोरगा कॉलेजला गेला, आजोबा फ्लोरिडाला गेले, मी मात्र अजून त्याच बाकावर बसतो.

तर मुद्दा. १९७२ साली ओहायोत प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरचे बाद सामने, सुरू झाले तेव्हा शाळांचे तीन वर्ग होते आणि प्रत्येक वर्गातून चार संघ यायचे. अख्ख्या राज्यातून बारा! आज पटसंख्येनुसार सात विभाग आहेत, प्रत्येकाचे चार रीजन. बरीच वर्षं प्रत्येक रीजनमधून आठ संघ घेत, म्हणजे २२४. २०२० मध्ये कोविडमुळे 'या, सगळेच या' झालं, ते समजू शकतो. पण २०२१ ला सोळा केले. ४४८ संघ! राज्यात फुटबॉल खेळणाऱ्या शाळा आहेत सुमारे ७००. पहिल्या विभागात तर सत्तरच्या आसपास शाळा आणि त्यातल्या ६४ आत. आत कोण आलं यापेक्षा बाहेर कोण राहिलं हीच बातमी.

२०२५ पासून सोळाचे बारा केले आणि पहिल्या चौघांना पहिल्या फेरीत बाय दिला, म्हणजे न खेळताच दुसरी फेरी. लोक म्हणाले, बघा, सुधारणा झाली. दहा किलो वाढवून पाच उतरवले तर त्याला बारीक होणं म्हणत नाहीत.

दहापैकी सात सामने हरलेला संघ दोन तास बसने जातो आणि मार खाऊन परत येतो, यात कुणाचं भलं? दुसऱ्या अर्धात फरक तीस गुणांचा झाला की इथे घड्याळ थांबवत नाहीत, पळू देतात. अशा एका पहिल्या फेरीच्या सामन्यात तिसरा क्वार्टर मी कॉफीच्या रांगेत उभा असतानाच संपला होता. आठ संघांचा नियम परत आणा. बोला.

क्लॅरिनेटची_आई

बोलते. तुम्हाला संघ दिसतो, मला बँड दिसतो.

आपल्या मराठी घरांतली किती मुलं त्या हेल्मेटात असतात? आमच्या ओळखीत एक. बाकी सगळी मार्चिंग बँडमध्ये. माझी मुलगी जुलैपासून डांबराच्या पार्किंग लॉटवर उन्हात पावलं मोजते आहे. तिचं हे बारावीचं वर्ष. नियमित हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी संपतो. तुमच्या आठांच्या नियमात तिचा शेवटचा शुक्रवार तिथेच संपला असता. बारा झाल्यामुळे कदाचित आणखी एक मिळेल. संघ चाळीस गुणांनी हरला तरी हाफटाइमला बँड वाजतोच, आणि तिथे घड्याळ पळवत नाहीत.

'यात कुणाचं भलं' म्हणे.

हार्बिनचा_हिशेब

धागाकर्त्यांचे आकडे बरोबर, निष्कर्ष चुकीचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोण आत जाणार हे समिती बसून ठरवत नाही, हार्बिन पॉइंट्स ठरवतात. जॅक हार्बिन नावाच्या गृहस्थांनी ही पद्धत बसवली. तुम्ही सामना जिंकलात की गुण मिळतात, हरवलेला संघ वरच्या विभागातला असेल तर जास्त. शिवाय तुम्ही ज्यांना हरवलंत त्यांनी हंगामात ज्यांना ज्यांना हरवलं, त्याचेही गुण तुमच्या खात्यात. किती फरकाने जिंकलात याला किंमत शून्य. म्हणून तर दुसऱ्या आठवड्यात धुतलेल्या संघासाठी दहाव्या आठवड्यात आपणच देव पाण्यात ठेवून बसतो.

आता मेख बघा. बलाढ्य संघाशी झुंज देऊन तीन गुणांनी हरलात तरी भोपळाच. मग आठच जागा असताना शहाणा प्रशिक्षक काय करायचा? तगड्या शाळेशी सामना ठरवायचाच नाही. तगड्या शाळांना प्रतिस्पर्धी मिळेनात, त्या परराज्यातून संघ बोलवू लागल्या. जागा वाढल्या तशी एखादी हार परवडू लागली आणि सप्टेंबरमध्ये पाहण्यासारखे सामने होऊ लागले. तुम्ही नोव्हेंबरच्या एका कंटाळवाण्या शुक्रवारवर बोट ठेवताय, सप्टेंबरचे चार चांगले शुक्रवार विसरताय.

ओहायोकर

@क्लॅरिनेटची_आई, बँडसाठी जीव तुटतो हे मान्य, पण मग बँडची स्पर्धा वाढवा ना! संघांची संख्या वाढवण्याचं ते कारण कसं होईल?

@हार्बिनचा_हिशेब, तगड्यांशी सामना टाळणारे आजही टाळतात. बारावा येण्यासाठी दुबळ्यांची यादी पुरते. आठात येण्यासाठी निदान चांगल्या दुबळ्यांची लागायची.

जुना_क्लीव्हलंडकर

तुम्हा मंडळींचं आठ-बारा-सोळा वाचून हसू येतं. मी इथे आलो ऐंशीच्या दशकात. माझ्या मते बिघाड १९७२ लाच सुरू झाला.

मॅसिलॉनला गेलाय का कुणी? कँटनच्या शेजारचं पोलाद कारखान्यांचं गाव. तिथे मुलगा जन्मला की बूस्टर क्लबतर्फे, म्हणजे संघाच्या पाठीराख्यांच्या मंडळातर्फे, इस्पितळात त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवतात. नामवंत प्रशिक्षक पॉल ब्राउन तिथल्याच शाळेत शिकले आणि १९३२ ते १९४० तिथेच प्रशिक्षक होते. १९३५ पासून सलग सहा वर्षं राज्यविजेते. पुढे ते ओहायो स्टेट विद्यापीठाला गेले, आणि क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघाला त्यांचंच नाव मिळालं. मॅसिलॉन विरुद्ध कँटनची मॅकिन्ली शाळा ही लढत १८९४ पासूनची. हंगामाचा शेवटचा सामना, शनिवारी दुपारी. वर्षभर बाकी काहीही होवो, मॅकिन्लीला हरवलं की दिवाळी.

तेव्हा राज्यविजेता मैदानात ठरत नसे, वार्ताहर आणि जाणकार ठरवत. मॅसिलॉनच्या भिंतीवर अशी दोन डझन विजेतेपदं आहेत. प्लेऑफ आले आणि तीच मॅसिलॉन 'कधीच न जिंकलेली' ठरली! १९८० आणि १९८२ ला अंतिम सामन्यात सिनसिनाटीच्या मोएलर शाळेकडून हार. २००५ ला हार. २०१८, २०१९, २०२० अशी सलग तीन वर्षं अंतिम फेरीत जाऊन हार. काल आलेली पोरं 'तुमच्याकडे खरा कप एकही नाही' म्हणून चिडवायची, आणि साठीतली माणसं ते ऐकून घ्यायची.

शेवटी २०२३ ला अ‍ॅक्रन होबनला ७-२ ने हरवलं. सात-दोन! बेसबॉलचा वाटावा असा स्कोअर. तोही कँटनच्या मैदानात, म्हणजे मॅकिन्लीच्या अंगणात. मी तिथे होतो. शेजारी एक म्हातारबा रडत होते, आणि मीही काही कोरडा नव्हतो.

ओहायोकर

काका, दंडवत. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने जातंय. १९८० पासून थांबून, सहा अंतिम सामने हरून मिळालं म्हणून त्या ७-२ ला वजन. रांग लहान होती म्हणूनच ना?

हार्बिनचा_हिशेब

थांबा थांबा. २०२३ ला रीजनमधून किती संघ घेत होते? सोळा. मॅसिलॉन सोळा सामने खेळून सोळा जिंकली : दहा हंगामाचे आणि सहा फेऱ्या. तुमच्या आठांच्या नियमात एक फेरी कमी झाली असती. तो कप तुम्ही ज्याला खोगीरभरती म्हणता त्याच वर्षांतला आहे, आणि त्याने कप हलका झालेला दिसत नाही.

ओहायोकर

हा वार बसला. पण जड कप पहिल्या फेरीमुळे झाला नाही, तिच्यासकटही झाला इतकंच.

क्लॅरिनेटची_आई

काका, एक विचारू? मुलगी जन्मली तर पाळण्यात काय ठेवतात?

जुना_क्लीव्हलंडकर

बाई, या प्रश्नाचं उत्तर मला चाळीस वर्षांत कुणी दिलेलं नाही.

रंकाळ्याचा_वारा

पायाने खेळायच्या फुटबॉलच्या गावातून, म्हणजे कोल्हापुरातून लिहितोय. हेल्मेटवाला खेळ मला ओ की ठो कळत नाही, पण मॅसिलॉन-मॅकिन्ली लगेच कळलं. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार ही तालमींची (आमच्याकडे फुटबॉल संघ तालमींचेच) लढत असली की दुकानं लवकर बंद होतात. तालीम हरली की पोरगं दोन दिवस पेठेत तोंड दाखवत नाही. साखळीत कितवे आलो हे महिन्याने कुणाला आठवत नाही, 'त्यांना' हरवलं का एवढंच विचारतात. काकांना माझा +१. बाकीचे आकडे बाजूला ठेवा.

प्लेनोवासी

टेक्सासहून नमस्कार. इथे प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे शाळांच्या स्थानिक गटातून, चार संघ जातात. सगळ्यात मोठ्या ६ए वर्गात निम्म्याहून जास्त शाळा प्लेऑफमध्ये असतात. वर त्या चौघांत ज्या दोन शाळांची पटसंख्या मोठी त्या डिव्हिजन एकला, लहान त्या दोनला. म्हणजे एकाच वर्गात दोन राज्यविजेते! ओहायोकरांना इकडे आणलं तर इनोचा खोकाच लागेल.

पण जागा कमी असल्या की काय होतं तेही आमच्याकडे झालंय. १९८८ साली पश्चिम टेक्सासात पर्मियन, मिडलंड ली आणि मिडलंड हाय या तीन शाळांची बरोबरी झाली. पुढे जाणार दोनच. निकाल कसा लावला? नाणं उडवून! तिघांचे प्रशिक्षक रात्री एकत्र जमले, नाणी उडवली, मिडलंड हाय घरी. पर्मियन उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि डॅलस कार्टरकडून १४-९ हरली. पुढे अपात्र खेळाडूच्या वादात कार्टरचं विजेतेपद काढून घेतलं, ती आणखी वेगळी भानगड.

मिडलंड हायच्या त्या पोरांना जाऊन सांगा, की जागा कमी असल्या की खेळाची शान राहते.

ओहायोकर

नाण्याचा दोष जागांच्या माथी मारू नका. इथे हार्बिनमुळे दशांशात का होईना, फरक निघतो. आणि चार जागांतही चौथ्या-पाचव्यात बरोबरी होतेच की. नाणं फक्त खाली सरकतं.

प्लेनोवासी

सरकतं ना! पहिल्या तिघांवरून चौथ्या-पाचव्यावर सरकतं. मला तेच हवंय. पाचव्याचं वाईट वाटलं तर झोप लागते, बरोबरीने पहिला आलेल्याचं वाईट वाटलं तर लागत नाही.

सिनसिनाटीचा_संशयी

सगळे मूळ दुखणं सोडून मलमपट्टीवर भांडताय. आठ घ्या नाहीतर ऐंशी घ्या, पहिल्या विभागाचा कप खासगी कॅथलिक शाळाच नेणार. सेंट एडवर्डने २०२१, २०२२, २०२३ ओळीने नेला. आमच्या मोएलरचा सत्तरच्या दशकातला इतिहास तर विचारूच नका. सरकारी शाळेला तिच्या हद्दीतली मुलं, यांना सगळा जिल्हा मोकळा. २०१७ पासून बाहेरून आलेल्या खेळाडूंचा हिशेब धरून विभाग ठरवतात खरे, पण जो आधीच सगळ्यात वरच्या विभागात आहे त्याला आणखी कुठे ढकलणार?

ओहायोकर

२०२४ ला ऑलेंटँजी लिबर्टीने अंतिम सामन्यात त्याच मोएलरला हरवलं. सरकारी शाळा, आमच्याच बाजूची. त्याआधी २०१७ आणि २०१९ ला पिकरिंग्टन सेंट्रल, तीही सरकारी. तेव्हा 'कॅथलिक शाळाच नेणार' यातला 'च' काढा. बाकी तक्रारीत तथ्य आहे, पण तो वेगळा धागा. तुम्हीच काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

सिनसिनाटीचा_संशयी

तीन उदाहरणं बोटांवर मोजता आली, यातच आलं सगळं.

जुना_क्लीव्हलंडकर

मघाच्या प्रश्नाकडे परत येतो. बायबद्दल कुणी बोललंच नाही. पहिल्या चौघांना एक आठवडा सुट्टी. उत्तम हंगाम खेळलेल्या संघाचा घरच्या मैदानावरचा एक शुक्रवार गेला. हॉटडॉग विकणाऱ्या बूस्टर क्लबच्या बायकांना विचारा तो शुक्रवार केवढ्याचा असतो. चांगलं खेळल्याबद्दल गावाला अंधार आणि आठव्या क्रमांकाच्या गावाला दिवे. हे कुठलं बक्षीस?

ओहायोकर

काका, अगदी हेच! आठ ठेवले की बायची गरजच नाही.

हार्बिनचा_हिशेब

सोळा ठेवले तरी नाही.

क्लॅरिनेटची_आई

ताजी बातमी : हिशेब लागला. आमची शाळा अकरावी. या शुक्रवारी सहाव्या क्रमांकाच्या शाळेच्या मैदानावर सामना, गाडीने पावणेदोन तास. बँडची बस चारला निघणार, पालकांनी आपापलं यायचं. हवामान दोन अंश सेल्सियस आणि वारा.

धागाकर्ते, तुम्ही शाळेजवळच्या ज्या कॉफीच्या गाडीचं वर्णन एका जुन्या प्रतिसादात केलं होतं ती मी ओळखली. आपली शाळा एकच आहे. येताय का, की अकरावा संघ तुम्हाला वर्ज्य?

ओहायोकर

तिकीट काल रात्रीच काढलं. मत बदललेलं नाही, अकरावा संघ तिथे असायलाच नको. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, साडेचारला निघतोय. घोंगडी कुणाकडे जास्तीची असेल तर आणा, माझी पोरगा घेऊन गेलाय.

रंकाळ्याचा_वारा

स्कोअर टाका रे. आमच्याकडे शनिवारची सकाळ असेल, मी जागा आहे.