प्रतिसाद: ओलाजुवॉन इतका खाली का?

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या सर्वकालीन सर्वोत्तम सेंटर्सच्या (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूंच्या) यादीत शकील ओ'नील (शॅक) तिसरा आणि हकीम ओलाजुवॉन थेट सातवा, हे मला अजिबात पटलं नाही. विल्ट चेंबरलेनचे एका सामन्यातले 100 गुण, बिल रसेलची 13 हंगामांत 11 विजेतेपदं, करीम अब्दुल-जब्बारचा स्कायहुक (एका हाताने डोक्यावरून मारलेला फटका), यावर वाद नाही. पण 1995 चा प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) आठवा. हकीमचे ह्यूस्टन रॉकेट्स पश्चिम विभागात सहाव्या क्रमांकावर होते. पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत समोर होता त्या वर्षीचा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) डेव्हिड रॉबिन्सन. त्याला तो चषक दिला गेला त्याच सामन्यात हकीमने त्याच्यासमोर 41 गुण काढले! पूर्ण मालिकेत सरासरी 35.3. मग अंतिम फेरीत शॅकच्या ऑरलँडोला 4-0. शॅक चांगलाच खेळला, पण तेव्हा तो जेमतेम 23 वर्षांचा होता, हेही मान्य.

त्याआधीच्या वर्षी तर हकीमला एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि फायनल्स एमव्हीपी (अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू) हे तिन्ही मान एकाच हंगामात. असं दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही.

त्याचं पदलालित्य बघताना अंगावर काटा येतो. लागोसमध्ये हँडबॉल आणि फुटबॉल खेळून वाढलेला हा मुलगा पंधराव्या वर्षानंतर बास्केटबॉलकडे वळला. एवढ्या उंच माणसाच्या पायांत ती चपळाई तिथूनच आली असणार.

3,830 ब्लॉक्सचा (प्रतिस्पर्ध्याचे फटके हवेतच अडवण्याचा) विक्रमही त्याचाच. (1973-74 पूर्वी ब्लॉक मोजतच नसत, त्यामुळे रसेल आणि विल्टवर इथे अन्याय होतो.)

माझ्या यादीत करीम, रसेल आणि लगेच हकीम.